मिरीची राणी आणि चार दारांची बसदी



दिवाळीनंतर आम्ही सगळे चार दिवस होन्नावरला जाऊन आलो. मुलाची अट एकच होती, "आई, या वेळी देवळांची यादी करायची नाही. समुद्रावर नुसतं निवांत बसायचं." सुनेलाही वर्षभराच्या धावपळीनंतर तेच हवं होतं. मी हो म्हटलं, पण माझीही एक अट घातली. चारातला एक दिवस मला गेरसोप्प्यासाठी द्यायचा. "तिथे काय आहे?" म्हणून नातीने विचारलं. मी म्हटलं, "एक राणी होती. आपल्यातली."

आज तिच्याबद्दलच लिहिते आहे. आपल्या बायकांना अहिल्याबाई माहीत असतात, झाशीची राणी माहीत असते, ताराराणी तर कोल्हापूरकडच्यांच्या घरातल्याच. पण ५४ वर्षं राज्य केलेली एक जैन राणी आपल्या शेजारच्या मुलखात होऊन गेली, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मलाही साठी उलटेपर्यंत तिचं नाव धड माहीत नव्हतं.

आधी गावाबद्दल. होन्नावर हे उत्तर कन्नड जिल्ह्यातलं, शरावती नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी करत अंकोल्याला उतरायचं आणि समुद्राच्या कडेने कुमटा सोडून पुढे यायचं. गोव्यासारखी गर्दी नाही, गोंगाट नाही. नदीपलीकडे कासरकोडचा स्वच्छ किनारा आहे. त्याला २०२० मध्ये 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. खाडीत कांदळवन आहे आणि त्यातून चालायला लाकडी वाट केली आहे. कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब पूल इथेच शरावतीवर आहे, २ किलोमीटरहून थोडा जास्तच. संध्याकाळी त्यावरून गाडी गेली की मुलं मोठ्याने डबे मोजतात.

आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं. पाणी गाळायचं फडकं, पोहे, भाजणी, मुगाची डाळ सगळं बरोबर नेलं होतं. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं आणि मग वाळूवर जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी नात कुरकुरली, पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आज्जी, जेवून आलं की सूर्यास्त नीट बघता येतो. बाकीचे सगळे भज्यांच्या रांगेत असतात."

दुसऱ्या दिवशी होडीतून कांदळवन बघायला गेलो. माझं माहेर सीमाभागातलं, त्यामुळे कानडी कळतं. नावाड्याला विचारलं, "ही नदी वर कुठवर होडीने जाता येते?" त्याने हात पूर्वेकडे केला आणि म्हणाला, "गेरसोप्प्यापर्यंत. पुढे घाट." त्या एका उत्तरात सगळा इतिहास आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी आयुष्यभर फक्त घराचाच हिशेब लिहिला, पण व्यापार कसा चालतो ते कळतं. घाटावर माल पिकतो, जिथे नदी होडीजोगी होते तिथे तो उतरतो आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे जहाजात चढतो. गेरसोप्पा म्हणजे माल उतरण्याची जागा आणि होन्नावर म्हणजे बंदर. मधल्या तीसेक किलोमीटर नदीवर ज्याचं राज्य, त्याच्या हातात तिजोरीची किल्ली.

आणि माल कोणता? काळी मिरी.

सिरसी, सिद्धापूरकडे सुपारीच्या बागा बघितल्या असतील तर आठवेल, सुपारीच्या खोडाला मिरीचा वेल चढवलेला असतो. घोसातला एखादा दाणा लाल व्हायला लागला की घोस उतरवतात, दाणे सोडवतात आणि उन्हात वाळवतात. हिरवा दाणा वाळून सुरकुततो आणि काळा होतो. तीन किलो ओल्या मिरीची साधारण एक किलो सुकी मिरी होते. वेलावर लागणारं फळ असल्याने आपल्या स्वयंपाकालाही ती चालते.

अजून एक गंमत सांगते. आज आपण तिखट म्हटलं की मिरची म्हणतो, पण मिरची मूळची इथली नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या पणज्यांच्या पणज्या तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि सुंठच वापरत. म्हणून तर नव्या फळाला मिरीवरूनच 'मिरची' नाव पडलं. कानडीतही तसंच आहे. मिरी म्हणजे मेणसु आणि मिरची म्हणजे मेणसिनकाई. ज्या परक्यांनी मिरची आणली, ते आले होते मात्र मिरी न्यायला.

होन्नावर त्याच्याही आधीपासून गजबजलेलं होतं. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की या गावात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा बघितल्या. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मुलींच्या १३ शाळा! मुलाने ते वाचून दाखवलं तेव्हा सून म्हणाली, "आई, आमच्या आजीच्या गावात एकसुद्धा नव्हती." सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलाच तिमोजा नावाचा सरदार पोर्तुगिजांना मिळाला आणि त्याच्या मदतीने १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतलं. गोव्याचा इतिहास या नदीच्या मुखापासून फार लांब नाही.

अशा मुलखाची सूत्रं १५५२ मध्ये एका बाईच्या हातात आली. चेन्नभैरादेवी. साळुव घराण्यातली, धर्माने जैन. गेरसोप्पा ही तिची राजधानी. भटकळजवळचं हाडुवळ्ळी, म्हणजे जुनं संगीतपूर, हेही त्या घराण्याचंच जैन केंद्र. तिने १६०६ पर्यंत राज्य केलं. हा काळ किती मोठा होता ते समजून घ्यायला मी नातीला तिच्याच पुस्तकातला राजा दिला. अकबर गादीवर आला १५५६ मध्ये आणि वारला १६०५ मध्ये. म्हणजे ही बाई अकबराच्या आधी आली आणि त्याच्यानंतर गेली. नातीच्या पुस्तकात अकबराला अख्खा धडा आहे. हिचं नावही नाही.

सुरुवातीला तिच्यावर विजयनगरची छत्रछाया होती. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडलं आणि छोट्या राज्यांना आपापलं बघायची वेळ आली. समोर पोर्तुगीज होते. त्यांचा धंद्याचा नियम असा की त्यांचा परवाना घेतल्याशिवाय कोणाच्या जहाजाने समुद्रात जायचं नाही, गेलं तर जहाज जप्त. मिरी आम्हालाच द्या आणि आम्ही ठरवू त्या भावाने द्या, हा त्यांचा आग्रह. इथल्या व्यापाऱ्यांना मात्र अरबांकडून चांगला भाव मिळे. एकच गिऱ्हाईक ठेवलं की भाव कोण ठरवतो, हे दुकान चालवणाऱ्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही. राणीचं भांडण मुळात हेच होतं. कधी त्यांच्याशी तह करायचा, कधी लढायचं, पण नदी त्यांच्या हातात द्यायची नाही.

१५६९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लुइस दि आताइद याने होन्नावर घेतलं आणि तिथे किल्ला केला. राणी गप्प बसली नाही. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, त्याच सुमारास राणीच्या फौजेने होन्नावरच्या किल्ल्यावर चाल केली. किल्ला पडला नाही, पण गेरसोप्पाही पडलं नाही. पुढे पस्तीस वर्षं ती टिकून राहिली. पोर्तुगीज तिला त्यांच्या भाषेत 'मिरीची राणी' म्हणत. शत्रूने दिलेलं नाव आहे, पण त्यात हिशेब चुकलेला नाही.

तिचा शेवट पोर्तुगिजांनी केला नाही. १६०६ मध्ये घाटावरच्या केळदीच्या वेंकटप्प नायकाने बिळगीच्या राजाच्या साथीने गेरसोप्पा घेतलं. त्यालाही समुद्रापर्यंतची वाट हवी होती. राणीला कैद करून वर नेलं आणि कैदेतच ती वारली. काहीजण या लढाईला धर्माचा रंग देतात. मला ती बंदराची आणि मिरीची लढाई वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही गेरसोप्प्याकडे निघालो. आजोबा आणि नात पुढच्या सीटवरून भांडत होते. गेरसोप्पा गावाजवळून वाट जंगलात शिरते. त्या भागाला आता नगरबस्तीकेरी म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं मंदिराला बस्ती म्हणतात, तेच हे बस्ती. एकेकाळचं राजधानीचं नगर, आणि आता दाट झाडी. किड्यांचा आवाज आणि पायाखाली पाचोळा. झाडीतून एकदम दगडी चतुर्मुख बसदी समोर आली.

हे आता पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. चारी दिशांना चार दारं, मध्ये गाभारा आणि त्यात चार दिशांना तोंड करून बसवलेल्या जिनप्रतिमा. कारकळची चतुर्मुख बसदी आपल्यापैकी पुष्कळजणींनी बघितली असेल. ती १५८६ ची. गेरसोप्प्याची ही बसदीही राणीच्याच काळाशी जोडतात. आजूबाजूला इतर बसद्यांचेही अवशेष आहेत. ज्वालामालिनी देवीचं स्थानही इथे आहे.

चार मुखांचा अर्थ मी नातीला सांगितला. समवसरणात तीर्थंकर एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, पण चारी बाजूंच्या जिवांना ते आपल्याचकडे बघताहेत असं दिसतं. कोणीही पाठीमागे राहत नाही. म्हणून चार दारं. नातीने चारी बाजूंनी फेरी मारून खात्री करून घेतली. आम्ही णमोकार म्हटला आणि तिथल्या दगडावर बसलो. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला घरातून निघाल्यापासून धाकधूक होती.

"आज्जी, तू मला मुंगीसुद्धा मारू देत नाहीस. मग ही जैन होती, तर लढली कशी? माणसं मेली असतील ना?"

तिचा बाप हसला. मला हसू आलं नाही. लेकराचा प्रश्न खरा होता.

मी तिला आपल्या शास्त्रातली चार प्रकारची हिंसा सांगितली. स्वयंपाक करताना, झाडताना, दळताना होते ती आरंभी. शेती-व्यापारात पोटासाठी होते ती उद्योगी. आपल्यावर किंवा आपल्या आश्रितांवर कोणी चालून आलं तर त्याला थोपवताना होते ती विरोधी. आणि मुद्दाम, ठरवून, मारण्याच्या इच्छेने केलेली ती संकल्पी. मुनींनी चारही सोडलेल्या असतात. श्रावकाने संकल्पी पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमतील तेवढ्या कमी करत जायच्या. श्रवणबेळगोळचे गोमटेश्वर ज्याने आपल्या आईच्या इच्छेखातर उभे केले, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापतीच होता. राज्य चालवणारीने परक्याला दारात येऊ दिलं असतं, तर हजारो घरं उघड्यावर पडली असती. ती विरोधी हिंसा.

"म्हणजे पाप नाही लागत?" तिने विचारलं.

"लागतं," मी म्हटलं. "कमी लागतं, पण लागतं. मोठ्या माणसांना काही वेळा दोन वाईटांतलं कमी वाईट निवडावं लागतं. आणि निवडलं की मिरवायचं नसतं, प्रायश्चित्त घ्यायचं असतं."

मैत्रिणींनो, उत्तर दिलं खरं, पण त्याने माझंच पूर्ण समाधान झालं नाही. कारण लढाई घराच्या रक्षणासाठी कितपत आणि मिरीच्या उत्पन्नासाठी कितपत, याची रेघ ओढणं सोपं नाही. आपल्याही घरात धंदा आणि लोभ यांच्यात ती रेघ रोज ओढावी लागते. कदाचित म्हणूनच एका बाजूला बंदर सांभाळणाऱ्या या घराण्यांनी दुसऱ्या बाजूला एवढ्या बसद्या उभ्या केल्या असतील. तराजूची दुसरी पारडी रिकामी राहू नये म्हणून.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली.

राणी गेल्यावर १७ वर्षांनी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी होन्नावरहून शरावतीतून होडीने गेरसोप्प्याला आला. गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर तो इक्केरीला वेंकटप्प नायकाच्या भेटीला चालला होता. राजवाडा आणि नगर उद्ध्वस्त झालेलं आणि घरांच्या भिंतींवर झाडं वाढलेली त्याने बघितली. 'मिरीची राणी' हे नाव त्यानेही नोंदवलं आहे. पण राज्य का बुडालं, याबद्दल त्याच्या कानावर काय घातलं गेलं? राणी एका परक्या, हलक्या माणसाच्या प्रेमात पडली आणि त्याच्या नादाने राज्य घालवून बसली!

५४ वर्षं एक बाई नदी, बंदर, फौज आणि तिजोरी सांभाळते. विजयनगर तिच्या डोळ्यांसमोर मोडतं, ती टिकते. पोर्तुगीज किल्ला बांधतात, ती टिकते. राज्यावर आल्यापासून अर्धं शतक उलटल्यावर, म्हणजे अगदी म्हातारपणी, तिचा पराभव होतो. आणि १७ वर्षांत लोकांच्या तोंडी काय उरतं, तर तिचं लफडं. खरं होतं की खोटं, याचा पुरावा मागायलाही कोणी थांबलं नाही. राजा हरला की लोक म्हणतात फौज कमी पडली. राणी हरली की म्हणतात पाय घसरला.

हे वाचताना मला माझ्या आत्याबाई आठवल्या. तिशीतच वैधव्य आलं. दिरांनी दुकान विकायला सांगितलं, त्यांनी विकलं नाही. चाळीस वर्षं धान्याचं दुकान चालवलं, दोन मुली शिकवल्या, उधारीची वही शेवटपर्यंत स्वतः लिहिली. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्या शेजारी बसूनच जमा-खर्च शिकले. त्या गेल्यावर गावात मी काय ऐकलं? "बाई तोंडाची फटकळ होती." आणि कुजबुजत, "त्या मुनीमजींचं फार ऐकायची." चाळीस वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या. मीही त्या मागितल्या नाहीत. आज त्याचं वाईट वाटतं.

म्हणून हा लेख. राणीच्या वह्या उरल्या नाहीत, निदान बसदी उरली. कुमट्याजवळ अघनाशिनीच्या काठी मिर्जानचा जांभ्या दगडाचा किल्ला आहे. तोही तिनेच बांधला असं तिकडे सांगतात. परतताना आम्ही तिथे तासभर थांबलो. महामार्गापासून जवळच आहे. तुम्ही गोकर्ण, मुर्डेश्वरच्या बाजूला सहलीला गेलात तर एक दिवस राखून ठेवा. गेरसोप्प्याला सकाळी लवकर जा. बरोबर पाणी आणि फराळ ठेवा, पायात नीट चप्पल घाला. तिथून पुढे जोगचा धबधबा गाठता येतो. इंग्रजांच्या काळात त्यालाही गेरसोप्प्याचा धबधबाच म्हणत. मंगळूरकडे गेलात तर उल्लाळला राणी अब्बक्काचं नाव विचारा. तीही जैन चौट घराण्यातली, तीही पोर्तुगिजांशी लढलेली. तिच्या नावाने २००३ मध्ये टपाल खात्याचं विशेष पाकीट निघालं आणि तटरक्षक दलाचं एक जहाजही आहे. समुद्राच्या त्या एका पट्ट्यात आपल्या दोन राण्या, आणि आपण मुलांना शाळेतल्या नाटकात काय करायचं म्हणून चिंता करतो.

शेवटच्या दिवशी होन्नावरच्या बाजारातून मी अर्धा किलो मिरी आणली. हे म्हणाले, "कोल्हापुरात मिळत नाही का?" मिळते. पण परवा नात वरणाला फोडणी देताना माझ्याजवळ उभी होती. मिरीचे चार दाणे खलात कुटताना म्हणाली, "आज्जी, चेन्नभैरादेवी." तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच न अडखळता आलं.

तुमच्याही घरात एखादी आत्या, मावशी, आजेसासू असेल, जिने कधीतरी घराचा, दुकानाचा, शेताचा कारभार एकटीने ओढला. तिची वही, चिठ्ठी, पावती काही असेल तर टाकू नका. काहीच नसेल तर तिचं नाव आणि तिने काय सांभाळलं ते दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या मुलींना ते आपल्याकडून मिळालं नाही, तर कुजबुजीतून मिळेल.

जय जिनेंद्र.